नवरदेवाचं नाव बाहीवर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. लग्नसराई लागली की परभणीत माझ्याकडे ब्लाउजवर आरीकाम, म्हणजे आकडीच्या सुईनं मण्या-धाग्यांचं भरतकाम, करून घ्यायला येणाऱ्या नवऱ्या हटकून विचारतात, "ताई, पाठीवर डोली काढता, मोर काढता, मग बाहीवर ह्यांचं नाव तेवढं का नाही काढत?" बाकीच्या आरीवाल्या काढतात. मीही काढायचे.

मला अक्षरं जमत नाहीत, अशी एक आवई आहे. मण्यांत देवनागरी अवघड असते, कबूल. 'राम' कुणीही काढेल, 'ज्ञानेश्वर' काढून दाखवा. जोडाक्षरात कटदाणा, म्हणजे नळीसारखा बारीक मणी, बसायला जागा उरत नाही, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते. पण मी काढलेत असले ज्ञानेश्वर, वर जरदोसीची, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळलेल्या जरीच्या तारेची, शिरोरेषा देऊन. पैशाचं म्हणाल तर नावासारखं परवडणारं काम नाही. चार बोटं जागा, एका दुपारचं बसणं, आणि त्याचे 500 रुपये लोक घासाघीस न करता देतात. त्याच बाहीवरच्या जाळीला डोळे फुटेस्तोवर बसा, तिथे मात्र "एवढे?" शिवाय माल आणायचा हैदराबादहून. 1948 साली निजामाचं राज्य गेलं, पण मण्यांच्या खरेदीला आम्ही अजून तिकडचीच गाडी धरतो.

तर नाव काढणं सुटलं ते एका मुलीच्या ब्लाउजपायी. हिरवं रॉ सिल्क, उजव्या बाहीवर नाव, भोवती टिकल्यांची वेल. काम झालं, टेलरकडून ब्लाउज शिवूनही आला. लग्न तोंडावर असताना तिची आई तो घेऊन परत आली. मुलगी दारातच उभी, चपलाही काढल्या नाहीत. लग्न मोडलं होतं. कशावरून, ते मी विचारलं नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, कार्यालयाचे पैसे भरलेले, म्हणून मामांनी त्याच तारखेला दुसरं स्थळ जमवलं होतं.

"तेवढं नाव काढा माय, आन् दुसरं लिव्हा. ह्याचं बी तीनच अक्षराचं हाय."

शिवलेला ब्लाउज फ्रेमवर ताणता येत नाही, म्हणून आधी बाही उसवली. आरीचा टाका साखळीचा. धागा कापडाखाली डाव्या हातात, सुईची आकडी वरून खाली जाऊन फास वर ओढते, आणि पुढचा फास मागच्याला धरून ठेवतो. म्हणजे सगळी भिस्त शेवटच्या गाठीवर. ती सोडून धागा ओढला की अख्खी ओळ सरसर उसवत जाते. मणी ताटलीत पडत गेले. लिहायला दुपार लागली होती, पुसायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. शिरोरेषेनं तेवढा छळ केला, कारण जरदोसीचा एकेक तुकडा साध्या सुईनं टाचलेला असतो.

नाव निघालं आणि तरी वाचता येत होतं. आरीची सुई भोक पाडतेच. सुती कापडात ते ओल्या बोटानं चोळलं की बऱ्यापैकी मिटतं, रेशमात राहतं. वाफ द्यावी म्हटलं तर शेजारी टिकल्या. प्लास्टिकच्या त्या, इस्त्री जरा जवळ गेली की वाटीसारख्या वळतात. बाही खिडकीकडे धरली की तिन्ही अक्षरं लख्ख.

आई म्हणाली, "त्याच्यावरच लिव्हा की, झाकून जाईल."

बसणार नाही, म्हटलं मी. ते खोटं होतं. जाड मोत्यांची दुहेरी ओळ घेतली असती तर बसलं असतं, आणि डावी बाही तर मोकळीच होती. मी नावाच्या त्या भोकांवर भरगच्च कोयरी काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आई फुरंगटून निघाली. मुलगी तेवढी दारात थांबली. "नाव टाकलं असतं तर काय झालं असतं काकू? आता समदे इचारतील, हिच्याच बाहीवर नाव का न्हाई म्हणून."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी तिची बाजू घेतेय. तिनं कुठे मागितली होती?

पूर्वीची मी म्हणायचे, गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यावं, पुढ्यात फ्रेम आहे, कोर्ट नाही. हे तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. मी नाव न काढल्यानं कुणाचं लग्न टिकणार नाही की मोडणार नाही. एकीनं तोंडावरच विचारलं, "तुमच्या त्या एका गिऱ्हाइकापायी आमची हौस का मारता?" गप्प बसले. तरी त्या दिवसानंतर हात नावाकडे वळत नाही. मध्यंतरी नवरीचं स्वतःचं नाव काढून देते म्हणाले, तर सगळ्या हसल्या. "आपलं आपलं नाव कोण लिव्हून घेतं?"

आणि हो, क्लासच्या मुलींना मी नावं शिकवते. त्यावरूनही टोमणे खाते. शिकवते, कारण त्यांना चार पैसे मिळतात. तुम्हाला हवं असेल तर त्यांच्यातलीच एखादी सुचवीन. फक्त नाव थेट बाहीवर काढू नका, वेगळ्या पट्टीवर काढा आणि ती पट्टी कच्च्या टाक्यांनी बाहीवर टाचा, असं त्यांना सांगून ठेवलंय.