नेत्राणीला जाताय? आधी बडी कोण ते विचारा

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा डाइव्हिंगला गेले होते. पाण्याखाली जोडीने राहतात, त्या जोडीदाराला बडी म्हणतात. बुकिंग करताना फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, चार जणांमागे एक डाइव्ह मास्टर, बडी तुमच्याच लेव्हलचा देऊ." प्रत्यक्षात बोटीवर एका डाइव्ह मास्टरमागे सात जण निघाले. बडी म्हणून मिळाले ते ठाण्याचे एक गृहस्थ, मांडीवर भलामोठा कॅमेरा घेऊन बसलेले. मुरुडेश्वरहून नेत्राणी साधारण 19 किलोमीटर. तिथे पोहोचल्यावर भांडून काही हाती लागत नाही. त्यामुळे हे सगळं पैसे भरायच्या आधी विचारा आणि व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. डाइव्ह कॉम्प्युटरचं (खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) भाडं पॅकेजमध्ये धरलंय का, तेही विचारा. मला ते बोटीवर वेगळं मागितलं.

हे ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) झालेल्यांसाठी लिहितेय. मालवणला इन्स्ट्रक्टर सिलिंडर धरून खाली नेतो, तो प्रकार वेगळा.

"माझ्या शंभरावर डाइव्ह झाल्यात, ताई," असं ते ठाण्याचे गृहस्थ म्हणाले. शेवटची कधी केलीत विचारल्यावर कळलं, कोविडच्या आधी. बडीला विचारायचा खरा प्रश्न हाच आहे. एकूण आकडा ऐकून हुरळून जाऊ नका.

बडी चेकला, म्हणजे उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासताना, स्टाफ "उशीर होतोय" म्हणत होता, तरी मी तो पूर्ण केला. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), वेट, क्लिपा, हवा, सगळं हात लावून. त्यांचा ऑक्टोपस (बडीला हवा द्यायचा जादा माउथपीस) कॅमेऱ्याच्या दोरीखाली असा अडकला होता की ओढला तर कॅमेराही सोबत आला असता. माझी हवा संपली असती तर मला तोंडात घ्यायचा होता तो हाच! दोरी दुसऱ्या खांद्यावर घ्यायला लावली. त्यांना ते आवडलं नाही. न आवडू दे.

आता आम्ही हरवलो तो टप्पा. दोरीने उतरलो तेव्हा वर बरं होतं. बेटाच्या कडेला वळल्यावर मात्र पाण्याचा करंट सुरू झाला आणि व्हिजिबिलिटी एकदम घसरली. गृहस्थ एका खडकापाशी लायनफिशचा फोटो काढत थांबले. ग्रुप पुढे सरकत होता. मी टॉर्च हलवला, सिलिंडरवर ठोकलं. मान वर नाही. मध्येच गाळाचा लोट आला आणि तो विरल्यावर मागे कोणीच नव्हतं, पुढेही नव्हतं. 16 मीटरवर, एकटी. शिकवलेला नियम साधा आहे: एक मिनिट शोधायचं, मग सावकाश वर यायचं आणि पृष्ठभागावर भेटायचं. मी तेच केलं. आधी एसएमबी (आपण कुठे आहोत ते वर दाखवणारा रंगीत फुगा) सोडला, कारण वर बोटी फिरत असतात. ते काही वर आले नाहीत. चांगली वीसेक मिनिटं मी बोटीवर पाण्याकडे बघत बसले होते. मग ते ग्रुपबरोबर आरामात वर आले. "अहो, मला वाटलं तुम्ही पुढे असाल!" दोघांपैकी एकानेच नियम पाळला तर त्याचा उपयोग शून्य. उतरण्याआधी हे एकमेकांना तोंडी सांगा: हरवलो तर किती वेळ शोधणार आणि कुठे भेटणार.

हवेचं गणितही बोटीवर चुकीचं सांगतात. "50 बार झाले की वर चला" म्हणजे सिलिंडरमधला दाब 50 बारवर आला की निघा; हे एकट्याच्या हिशेबाने ठीक आहे. 18 मीटरवर दाब 2.8 बार असतो, म्हणजे हवाही वरच्यापेक्षा तितक्या पट जाते. घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर सहज ओढतो, दोघं मिळून 60. एक मिनिट खाली सावरायला, दोन मिनिटं वर यायला, तीन मिनिटं 5 मीटरवर सेफ्टी स्टॉपला (वर येताना घ्यायचा थांबा) धरली तर 11 लिटरच्या सिलिंडरमधून जवळजवळ 60 बार जातात. म्हणजे बडीला हवा द्यायची वेळ आली तर 50 बार पुरतच नाहीत. मी 80 ला निघते. ग्रुपमध्ये कोणी तोंड वाकडं केलं तरी 80 लाच.

माझं स्पष्ट मत: बोटीवर मिळालेला अनोळखी बडी असला तरी आपण एकटेच आहोत असं धरून उतरा. स्वतःचा एसएमबी, शिट्टी आणि कॉम्प्युटर घ्या. एकटीने निभावणार नाही असा करंट दिसला तर तिथेच अंगठा वर करा (पाण्याखाली याचा अर्थ 'वर चला'); कुणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता डाइव्ह संपवू शकतं. डाइव्ह मास्टर वाट दाखवतो, सात जणांचा बडी होऊ शकत नाही. कॅमेरावाला बडी मिळाला तर नकार द्या किंवा तिघांचा गट मागा.

दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं होतं, बडीही बदलून मिळाली, डाइव्ह छान झाली.

परतीचं एक सांगायलाच हवं. विमानाआधी एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्हनंतर किमान 18 तास थांबायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कोल्हापूर-पुण्याकडे गाडीने येणारे दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी थेट घाट चढतात. डाइव्हिंगच्या हिशेबात 300 मीटरच्या वर गेलं की उंची धरतात, म्हणजे घाटाआधीही विमानासारखंच थांबायला हवं. त्या रात्री मुरुडेश्वरलाच झोपा, सकाळी निघा.