मुंबई ते मालवण : दहा सेंटिमीटर दोरी

गेल्या महिन्यात प्लायवुडचा 18 सेंटिमीटर उंचीचा तुकडा कापून, त्याच्या मधोमध भोक पाडून त्यातून सुताची दोरी ओवली आणि अरब खलाशांचे ‘कमाल’ नावाचे साधन घरीच तयार केले. दोरीची गाठ दातांत धरायची, दोरी ताणून फळीची खालची कड क्षितिजाला लावायची. वरची कड ध्रुवाला टेकली, तर ती गाठ ज्या बंदराची त्याच्या अक्षांशावर आपण पोहोचलो असे समजायचे, कारण ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही जवळपास त्या जागेच्या अक्षांशाइतकीच असते.

हिशेब मांडला तेव्हा मौज वाटली. माझ्या फळीपासून मुंबईची गाठ 54 सेंटिमीटरवर येते, दाभोळची 58, रत्नागिरीची 60 आणि मालवणची 64 सेंटिमीटरवर. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे किनाऱ्यावर सुमारे 30 किलोमीटरची चूक, हेही त्याच हिशेबातून निघाले. अरबस्तानातून येणाऱ्या गलबताला रेखांश मोजता येत नसे. पण आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण पसरलेला असल्याने त्यावाचून फारसे अडतही नसे. ध्रुव दाभोळच्या उंचीवर आणायचा आणि तो तिथेच राखून पूर्वेकडे जात राहायचे. मात्र त्या काळच्या गाठी आज उपयोगी पडणार नाहीत, कारण 1500 च्या सुमारास हा तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. आज ते अंतर एका अंशाहूनही कमी आहे.

युरोपीय खलाशांचे ॲस्ट्रोलेब हे टांगून धरण्याचे जड वर्तुळ असे, आणि हलत्या जहाजावर ते स्थिर राहत नसल्याने अचूक मापासाठी किनाऱ्यावर उतरणे सोयीचे ठरे. ही अडचण 1731 मध्ये जॉन हॅडलीने दाखवलेल्या ऑक्टंटने बरीचशी दूर केली. त्यात आरशांमुळे तारा आणि क्षितिज एकाच जागी दिसतात, त्यामुळे जहाज डोलले तरी दोन्ही बरोबरच हलतात.

माझ्या फळीला असा आरसा नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर ती घेऊन उभा राहिलो, तेव्हा उत्तरेला समुद्र नसून रत्नागिरी शहर आहे, हे इतकी वर्षे तिथे फिरूनही मी लक्षात घेतले नव्हते, असे ध्यानात आले. मग ओळखीच्या एका तांडेलकाकांच्या होडीतून तिन्हीसांजेला, क्षितिज आणि तारा दोन्ही दिसण्याच्या त्या थोड्या वेळात, पुन्हा माप घेतले. होडी हलली की ध्रुव कधी फळीच्या वर, तर कधी फळीआड जाई. अखेर जी लांबी जमली ती 62 सेंटिमीटर भरली, म्हणजे रत्नागिरी आणि मालवण यांच्या मधोमध. काका म्हणाले, “विजयदुर्गाला पोचलात की हो!”