विमानतळाचा माळ

बर्लिनला भाच्याकडे गेले, तर पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "मावशी, चल, तुला माळावर नेतो." मला वाटलं, शहराबाहेर लांब कुठेतरी जायचं असणार, म्हणून मी दशम्या बांधून घेतल्या. आम्ही भुयारी रेल्वेने बोडिनस्ट्रासे स्टेशनला उतरलो, जुन्या चार-पाच मजली इमारतींच्या गल्लीतून थोडं चाललो. गल्ली संपली तिथे तारेच्या कुंपणात एक फाटक होतं. आत पाऊल टाकताच वाऱ्याने ओढणी तोंडावर आणली. समोर गवत आणि आभाळ. पार पलीकडच्या टोकाला एक करडी, लांबलचक इमारत, एवढंच.

माझं माहेर सुप्याजवळचं. माळाचा वारा मी अंगावर घेतच वाढले. पण शहराच्या ऐन पोटात एवढा मोठा माळ असू शकतो, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

या जागेचं नाव टेंपेलहोफर फेल्ड. पूर्वी इथे प्रशियाच्या सैन्याची कवायत चालायची आणि सुटीच्या दिवशी बर्लिनकर इथेच फिरायला येऊन बसायचे. १९०९ साली ऑरव्हिल राइटने इथे विमान उडवून दाखवलं, १९२३ मध्ये विमानतळ सुरू झाला. ती करडी इमारत नाझींनी बांधलेली, बाराशे मीटर लांब. त्याच काळात या माळाच्या कडेला त्यांची कोलंबिया नावाची छळछावणीही होती. पुढे १९४८-४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानांनी आणावं लागलं. त्यातली कितीतरी विमानं इथेच उतरली. हॅल्वोर्सन नावाचा एक अमेरिकन वैमानिक कुंपणापाशी उभ्या असलेल्या पोरांसाठी रुमालाच्या छत्र्यांना चॉकलेट बांधून वरून सोडायचा. ऑक्टोबर २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि मे २०१० मध्ये फाटकं लोकांसाठी उघडली. तिकीट नाही. अंधार पडायच्या सुमाराला मात्र सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावतात.

दोन धावपट्ट्या आहेत तशाच ठेवल्यात, प्रत्येकी साधारण दोन किलोमीटरच्या. त्यांच्यावरून सायकली, स्केट्स, बाबागाड्या, सगळं एकाच वेळी चाललेलं. एक तरुण चाकाच्या फळीवर उभा होता, हातात भलामोठा पतंग. वारा भरला की तो धावपट्टीवरून सुसाट निघायचा. मागून एक आजोबा अगदी सावकाश तीनचाकी सायकल मारत येत होते. कुणी कुणाला हॉर्न दिला नाही, कुणी ओरडलं नाही. जागा भरपूर असली की माणसं आपोआप एकमेकांना वाट देतात.

शेगड्या पेटवायला जागा ठरवून दिल्यात. तिथे तुर्की आणि अरबी कुटुंबं चटया अंथरून बसली होती, आज्यांपासून तान्ह्या बाळांपर्यंत. कलिंगडं चिरली जात होती, निखाऱ्यांवर मांस भाजलं जात होतं, मधोमध चहाची किटली. जत्रेत ओढ्याकाठी चुली मांडून बसतात ना, अगदी तसं. कुत्र्यांसाठी वेगळं कुंपण. उघडं अंग उन्हाला देऊन पुस्तक वाचणारी मंडळी वेगळी.

मला सगळ्यात जास्त रमवलं ते पूर्वेकडच्या फाटकाजवळच्या वाफ्यांनी. २०११ पासून आसपासचे लोक इथे मिळून बाग करतात. जमीन खोदायची नाही, म्हणून सगळं खोक्यांमध्ये. जुन्या फळ्या, मोडकी कपाटं, एक अख्खी न्हाणीची घंगाळासारखी टाकी, जे हाताला लागलं त्यात माती भरलेली. टोमॅटो, मुळे, सूर्यफुलं, मध्येच फळकुटांचे बाक. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई एका खोक्यापाशी वाकून तण काढत होती. वयाने माझ्याएवढीच असेल. मी थांबले तशी ती हसली. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. तिने एक पान खुडलं, बोटांत चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं. पुदिना! "नाने," ती म्हणाली. "पुदिना," मी म्हणाले. मग तिने चांगली मूठभर जुडी खुडून माझ्या हातात दिली. मी पिशवीतली एक दशमी तिच्या हातावर ठेवली. ती तिने तिथेच, मातीचा हात ओढणीला पुसून, अर्धी मोडून खाल्ली.

पुढे गेलो तर गवताच्या मोठ्या पट्ट्याला दोरी लावलेली. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत आत जायचं नाही, अशी पाटी होती. मी उभी राहिले आणि वरून तो आवाज आला. एकच पक्षी, आभाळात ठिपक्याएवढा, पंख फडफडवत जागच्या जागी, आणि दम न घेता गातोय. आमच्या माळावरच्या चंडोलाचाच भाऊबंद. भाचा म्हणाला, "याला ऐकायला लोक मुद्दाम येतात." माझे डोळे भरून आले. चंडोल जमिनीवर, गवतातच घरटं करतो. गवत गेलं की तोही गेला.

या माळाच्या कडांवर घरं आणि एक मोठं ग्रंथालय बांधायचं नगर सरकारने ठरवलं होतं. लोकांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं. २५ मे २०१४ ला मतदान झालं आणि सुमारे ६४ टक्के लोकांनी सांगितलं, माळ आहे तसाच राहू द्या. तसा कायदाच झाला. तरी वाद मिटलेला नाही. भाच्याला घर मिळायला आठ महिने लागले होते. त्याची बायको म्हणते, कडेला थोडी घरं झाली तर काय बिघडलं? तो म्हणतो, एकदा कडा द्यायला लागलो की मधलं किती दिवस टिकेल? दोघं तिथेच, चटईवर, तावातावाने बोलत होती. तिचं म्हणणं मला पटतं. भाड्यासाठी जीव टांगणीला लागलेली माणसं मीही पाहिलीत. तरी मी मत देणार असते तर भाच्याच्या बाजूनेच दिलं असतं. आमच्याकडे माळाला कागदोपत्री पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की ती जमीन कशालाही द्यायला मोकळी. शेजारच्या पुरंदरात विमानतळासाठी जमीन घेण्यावरून किती वर्षं भांडण चाललंय! इथे विमानतळाचा माळ झालेला पाहत होते आणि मनात सारखे सासवडच्या पलीकडचे माळ येत होते.

नऊ वाजून गेले तरी उजेड होता. मग पिवळ्या दिव्याची एक गाडी हळूहळू फिरत आली आणि लोक चटया झटकून उठायला लागले. शेगड्या विझवल्या, कलिंगडाची सालं पिशव्यांत भरली. दोरीपलीकडे चंडोल अजून गातच होता. घरी जाऊन त्या पुदिन्याचा चहा केला. उरलेल्या काड्या पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवल्या. मी निघेपर्यंत त्यांना पांढरी मुळं फुटली होती, आणि सूनबाईने खोकं शोधायला घेतलं होतं.