एका एकराचं ठिबक अनुदान : सातबाऱ्यापासून खात्यातल्या पैशांपर्यंत

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, ठिबकचा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. अर्ज अडकतो तो त्याआधीच्या कागदांवर आणि त्यानंतरच्या बिलावर. वडिलांच्या नावावरच्या चाळीस गुंठ्यांसाठी मी ही प्रक्रिया पूर्ण केली. ज्या क्रमाने कामं करायला हवीत त्याच क्रमाने इथे लिहितो.

शेती मुलगा कसत असला तरी लाभार्थी तोच, ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज, आधार, बँक खातं आणि दुकानाचं बिल सगळं त्यांच्याच नावाचं लागतं. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा. तरुणांसाठी योजना आहेत हे खरं, पण बहुतेक घरांत तरुणाचं नावच सातबाऱ्यावर नसतं आणि पहिली अडचण तिथेच येते. घरात एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी करून स्वतंत्र खातं काढता येतं. अशा वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. वाटणी पुढच्या वर्षीवर ढकलण्यापेक्षा हे काम आधी उरकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. आयडी काढताना सगळे गट जोडले गेले का, हे एकेक करून बघा. सुटलेला गट अर्जात दिसत नाही आणि ज्या गटात ठिबक टाकायचं नेमका तोच सुटलेला असतो. दुरुस्तीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आपले तलाठी) जावं लागतं. आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं असेल, एकावर ‘बाळू’ आणि दुसऱ्यावर ‘बाळासाहेब’, तर तेही याच वेळी निस्तरा.

विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते तपासा. नसेल तर ई-पीक पाहणी करताना पिकाबरोबर सिंचनाचं साधनही भरा. ‘जिरायत’ दिसणाऱ्या गटावर ठिबक मागितलं की पाणी कुठून आणणार, हा प्रश्न येणारच.

अजून एक गोष्ट जमीन विकत घेतलेल्यांसाठी. एकदा अनुदान घेतलं की त्याच क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा मिळत नाही. आधीच्या मालकाने त्या गटावर लाभ घेतला असेल तर ती नोंद गटासोबत येते. खरेदीच्या वेळी हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता पैशांचा हिशोब. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ घटकातून अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे एकूण दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना, ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य सरकार त्यात भर घालतं आणि आकडा अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांवर जातो. मर्यादा पाच हेक्टरची. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती या योजनाही आधी बघून घ्याव्यात.

हे ८० टक्के बिलाचे नसतात, सरकारी मापदंडाचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चाचे असतात. मी धरलेल्या तक्त्यात १.२ × ०.६ मीटर (ओळींमधलं × ओळीतलं) अंतरासाठी मापदंड हेक्टरी १,२७,५०१ रुपये होता, तर ५ × ५ मीटरच्या फळबागेसाठी ३९,३७८. पहिल्या प्रकारात ८० टक्के म्हणजे १,०२,००१ रुपये. बिल १,४५,००० चं झालं तरी मिळणार तेवढेच, उरलेले ४२,९९९ आपले. लहान क्षेत्राचा आकडा तक्त्यात वेगळा असतो, म्हणून एकर म्हणजे ०.४ हेक्टर असं धरून हेक्टरी रकमेला सरळ ०.४ ने गुणून अंदाज बांधू नका. कोटेशन घेताना जीएसटीचा दरही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावर तो १२ वरून ५ टक्के झाला आहे.

अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करील त्याला आधी लाभ. त्यामुळे कागद तयार ठेवून लवकर अर्ज करण्याला आता खरी किंमत आहे.

निवड झाल्यावर कोटेशन आणि कागद चढवायचे आणि पूर्वसंमतीची वाट बघायची. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. हंगाम तोंडावर आला म्हणून आधी संच टाकून घेतलेल्यांचे अर्ज इथेच बाद होतात. पूर्वसंमती आली की ३० दिवसांत संच बसवून बिल चढवायचं असतं. विक्रेता नोंदणीकृत हवा आणि बिल जीएसटीचं.

वाट बघण्याचा हा काळ आराखड्यासाठी वापरा. विक्रेता आराखडा करून देतो, पण आपल्या पंपाचं पाणी त्याने मोजलेलं नसतं. २०० लिटरचा ड्रम घ्या, जिथे फिल्टर बसणार तिथे पाईपचं तोंड सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. ४० सेकंदांत भरला तर ताशी १८,००० लिटर. हीच मोजणी एप्रिलमध्ये पुन्हा करा. तेव्हा ५० सेकंद लागले तर ताशी १४,४०० लिटरच राहिले.

आता गरज बघा. चाळीस गुंठे म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली ठिबकची नळी, १.२ मीटरवर धरली तर ३,३३० मीटरच्या आसपास नळी लागते. थेंब सोडणारे ड्रिपर ४० सेंटिमीटरवर असतील तर ते सुमारे ८,३०० होतात. ताशी दोन लिटरचा ड्रिपर घेतला तर ताशी १६,६०० लिटर पाणी हवं, चार लिटरचा घेतला तर ३३,२००. म्हणजे हिवाळ्यात दोन लिटरवर एकर एका वेळी भिजेल, उन्हाळ्यात नाही. सुरुवातीलाच दोन व्हॉल्व्ह घालून वीस-वीस गुंठ्यांचे भाग करा. ‘जास्त पाणी देतो’ म्हणून चार लिटरचा ड्रिपर घेतला की दाब कमी होतो आणि शेवटची सरी कोरडी राहते.

फिल्टरवर पैसे वाचवू नका. उघडी विहीर किंवा शेततळं असेल तर शेवाळासाठी सँड फिल्टर आणि त्यामागे जाळीचा. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर. फक्त जाळीचा फिल्टर लावला तर शेवाळ जाळीतून दाबाने पिळून पुढे जातं आणि ड्रिपरमध्ये बसतं.

माल उतरवताना नळीवरचा छाप वाचा. इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीवर आयएस १३४८८ आणि साध्या लॅटरलवर आयएस १२७८६ हवा. बंडलांची संख्या आणि मीटर बिलाशी तिथेच जुळवा.

संच जोडल्यावर आधी नळ्यांच्या टोकांची सगळी झाकणं (एंड कॅप) काढून पाणी सोडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. जोडताना आत गेलेले प्लॅस्टिकचे कीस आणि माती तेव्हाच निघतात. मग सबमेनजवळच्या (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाईपजवळच्या) आणि शेवटच्या टोकाच्या ड्रिपरखाली एकेक वाटी ठेवा. दोन लिटरच्या ड्रिपरमधून सहा मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी यायला हवं. दोन वाट्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर विक्रेत्याचा माणूस शेतात असतानाच त्याला दाखवा. तो निघून गेल्यावर पुन्हा येईलच असं नाही.

मोका तपासणीला, म्हणजे शेतात येऊन संच बघायला, कृषी सहायक येतात (आताचं पदनाम सहायक कृषी अधिकारी). ते जिओ टॅग केलेला (जागेची नोंद असलेला) फोटो घेतात आणि बिलातला माल शेतात आहे का ते बघतात. बिलात लॅटरल ३,३०० मीटर आणि शेतात २,८०० निघाली तर जितकी आहे तितकीच धरतात. तपासणी होईपर्यंत नळ्या गुंडाळून ठेवू नका आणि अर्जदार स्वतः हजर राहू द्या. माझ्यासारखे मुलगेच सगळी धावपळ करतात, पण फोटोत उभं राहायचं ते वडिलांनी.

अनुदान थेट खात्यात येतं, पण कधी, हे निधीवर असतं. महिने जातात. त्यामुळे पूर्ण रक्कम आधी भरायची तयारी ठेवा आणि उसनवारी करताना दोन महिन्यांत परत देण्याचा शब्द देऊ नका. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी डीबीटीसाठी (थेट लाभ हस्तांतरणासाठी) जोडलेल्या खात्यात जातात. बँकेत ‘आधार लिंक आहे’ एवढ्या उत्तरावर उठू नका, एनपीसीआयला (आधारवरून पैसे कोणत्या बँकेत जातील याची नोंद ठेवणारी संस्था) कोणतं खातं जोडलं आहे ते विचारा. जुन्या गॅस सबसिडीच्या वेळचं, कधीच न वापरलेलं खातं जोडलेलं असू शकतं. ते बंद पडलेलं असेल तर रक्कम परत फिरते, म्हणून बिल चढवण्याआधीच हे बदलून घ्या.