मोटरची शक्ती, पण किती वेळची?

इलेक्ट्रिक गाडीच्या माहितीपत्रकात मोटरची शक्ती किलोवॅटमध्ये ठळक छापलेली असते. ती किती वेळ टिकेल हे मात्र शोधावे लागते, आणि मोटर घडवणाऱ्याचा खरा कस तिथेच लागतो.

मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) हा रोटर म्हणजे फिरणाऱ्या भागाचा आकार, रोटर आणि स्थिर भाग (स्टेटर) यांमधल्या हवेच्या फटीतील चुंबकीय क्षेत्र आणि वाइंडिंगमधील, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांतील, प्रवाह यांवर ठरतो. स्टेटरचे सिलिकॉन पोलाद 2 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास संपृक्त होते, म्हणजे त्यापुढे फारसे चुंबकत्व घेत नाही, त्यामुळे क्षेत्र फारसे वाढवता येत नाही. उरतो प्रवाह. तो दुप्पट केला की तांब्यातील उष्णता चौपट होते. शिवाय तांबे 20 अंश सेल्सिअसवरून 150 अंशांवर गेले की त्याचा रोध जवळजवळ दीडपट होतो, म्हणजे तापलेली मोटर तेवढ्याच प्रवाहाला आणखी तापते. निओडिमियमचे चुंबकही उष्णतेत विचुंबकनाला (चुंबकत्व गमावण्याला) लवकर बळी पडतात, म्हणून त्यांत डिस्प्रोसियमसारखे महाग मूलद्रव्य मिसळतात.

मुंबईच्या रस्त्यावर यातले बरेच खपून जाते. बेस्टच्या इलेक्ट्रिक बसला थांब्यावरून निघताना काही सेकंद भरपूर टॉर्क लागतो, लगेच सिग्नल येतो, आणि वेग कमी होताना तीच मोटर जनित्र होऊन बॅटरीत वीज परत पाठवते (थ्री-फेज मोटरच्या लोकलही ब्रेक लागताना अशीच वीज ओव्हरहेड तारेला परत देतात). सरासरी भार कमी असल्याने धातू ती उष्णता काही काळ पोटात घेतो. चढत्या विमानाला अशी उसंत मिळत नाही. जून 2020 मध्ये युरोपीय प्रमाणपत्र मिळालेल्या पिपिस्ट्रेलच्या वेलिस इलेक्ट्रो या छोट्या विमानाची मोटर उड्डाणाच्या वेळी 57.6 किलोवॅट देते, सतत मात्र 49.2. शर्यतीच्या गाड्यांच्या कमाल आकड्यांपेक्षा हे दोन आकडे मला अधिक प्रामाणिक वाटतात.

वजन न वाढवता शक्ती वाढवायची तर मोटरचे मिनिटाला होणारे फेरे वाढवावेत, हा सरळ उपाय. पण त्याबरोबर विजेची वारंवारता वाढली की लोखंडात आपोआप उठणाऱ्या भोवरा प्रवाहांमुळे होणारा ऊर्जेचा ऱ्हास तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून स्टेटरचे पत्रे 0.2 मिलिमीटरपर्यंत पातळ करावे लागतात. त्यात प्रोपेलरला एवढे फेरे चालत नाहीत. मग गिअरबॉक्स येतो आणि वाचवलेल्या वजनातले काही परत घेतो.

मोठ्या विमानात अडचण व्होल्टेजची आहे. बोइंग 787 च्या दोन इंजिनांवर प्रत्येकी 250 केव्हीएची (किलोव्होल्ट-अँपिअर, विद्युत क्षमतेचे एकक) एकूण चार जनित्रे 230 व्होल्टची वीज देतात. विमान पुढे ढकलणारे पंखे फिरवण्याइतकी शक्ती हवी असेल तर व्होल्टेज कितीतरी वाढवावे लागेल, नाहीतर प्रवाह फार मोठा होऊन त्यासाठी लागणाऱ्या जाड केबलच विमानाला जड होतील. मात्र 11 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पाव असतो आणि विरळ हवेत विद्युत विसर्जन (हवेतून वीज निसटणे) लवकर सुरू होते. इन्सुलेशन जाड केले तर तांब्याची उष्णता आतच कोंडते. त्यामुळे वाइंडिंगमध्ये निर्वातात रेझिन (घट्ट होणारा इन्सुलेटिंग द्रव) भरून हवेचा एकही बुडबुडा राहू न देणे, हे कारखान्यातले कंटाळवाणे काम नव्या चुंबकाइतकेच निर्णायक ठरते.