आइन्साचा करडा चिखल आणि तुटलेला हँगर

पिरेनीज म्हटलं की लोकांना फ्रान्सची बाजू आठवते, टूर द फ्रान्सचे घाट वगैरे. डोंगराच्या दक्षिणेला, स्पेनच्या आरागॉनमध्ये सोब्रार्बे नावाचा तालुका आहे, तो माउंटन बाइकवाले सोडले तर फारसा कोणाला माहीत नसतो. आइन्सा हे तिथलं मुख्य गाव, सिंका आणि आरा या दोन नद्यांच्या संगमावर, वर दगडी जुनं गाव आणि किल्ला. मी तिथे एका छोट्या सायकल टूर कंपनीत मेकॅनिक कम व्हॅन ड्रायव्हर आहे. कंपनीचं नाव राहू दे.

इथले ट्रेल कोणी जेसीबी लावून बनवलेले नाहीत. गावागावांतल्या जुन्या खेचरांच्या वाटा आहेत, गावं ओस पडली तशा त्या झुडपांत गेल्या होत्या, मग इथल्याच लोकांनी त्या साफ केल्या, पाट्या लावल्या आणि झोना झीरो असं नाव दिलं. २०१५ आणि २०१८ ला एंड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धेची रेस इथे झाली तेव्हा बाहेर नाव झालं. सीझन वसंत आणि शरद, उन्हाळ्यात दुपारी दगड तापतात, तेव्हा चढ चढायची हौस लवकर फिटते.

तर तो मे महिना, रात्री जोरदार गडगडाट करून पाऊस झाला आणि सकाळी एकदम लख्ख ऊन. वेल्सहून आलेला सहा जणांचा ग्रुप नाश्त्याला बसला होता आणि त्यांना त्या दिवशी करड्या टेकड्यांवरचा ट्रेल हवा होता, तोच ज्याचे फोटो सगळीकडे असतात, नुसत्या राखाडी धारा आणि त्यावरून जाणारी एक बारीक वाट. आमचा गाईड पलीकडच्या बोल्तान्याचा, तो म्हणाला आज नाही, आज दगडाच्या बाजूला जाऊ. ग्रुपमधला एक साठीचा दणकट गृहस्थ हसायला लागला, म्हणाला आम्ही वेल्सचे, आमच्याकडे बाराही महिने चिखलच असतो.

गाईडने वाद घातला नाही. तो व्हॅनच्या ट्रेलरवर सायकली चढवेपर्यंत हा गृहस्थ आणि त्याचा भाचा 'वॉर्मअप करून येतो' म्हणून सटकले, आणि अर्ध्या तासाने मला फोन, व्हॅन घेऊन ये.

त्या टेकड्या म्हणजे मार्ल, चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ. कोरडा असला की रस्त्यासारखा पळतो, टायर चिकटून धरतो, मजाच मजा. ओला झाला की संपलं. मी मूळचा इंदापूरचा, पहिल्या पावसात काळ्या रानात चप्पल घालून गेलं की पाऊल उचलायला जड होतं ना, तसंच, फक्त इथे चप्पल नाही तर तीन-चार लाखांची सायकल. मी पोचलो तेव्हा दोघं सायकली खांद्यावर घेऊन उभे होते कारण चाकं फिरतच नव्हती, टायर आणि फ्रेमच्या मधली सगळी जागा गच्च भरलेली, डिरेल्युअर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, कुठे आहे ते शोधावं लागेल इतका लेप. आणि भाच्याने जोर लावून पेडल मारलेलं, त्यामुळे चिखलाने चेन अडकली, डिरेल्युअर मागे ओढला गेला आणि त्याला फ्रेमला धरणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, कटकन मोडून स्पोकमध्ये गेलेला. दोन स्पोक गेले.

काका गप्प. भाचा हसू दाबत होता.

हा चिखल ओला असतानाच काढावा लागतो, उन्हात तासभर राहिला की सिमेंट होतो. काडीने, बोटाने, जुन्या ब्रशने, मग कमी प्रेशरचं पाणी. प्रेशर वॉशरचा फवारा थेट बेअरिंगवर मारला की आतलं ग्रीस गेलं, हे मी प्रत्येक ग्रुपला सांगतो आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण तेच करताना सापडतो. हँगर हा मुद्दाम मऊ धातूचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो आधी मोडतो, पण जुन्या सायकलींचा प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि ही सायकल नेमकी जुनी. माझ्या डब्यातल्या वीस-बावीस हँगरमधला एकही बसेना. मग चेन टूलने चेन कापली, मधला एक गिअर धरून क्विक लिंकने जोडली आणि एकाच गिअरची सायकल केली. फुल सस्पेन्शनवर, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलवर, हे जमत नाही असं म्हणतात, ते बऱ्यापैकी खरं आहे कारण मागचं चाक वर गेलं की चेन ताणली जाते, म्हणून शॉक लॉक करून दिला आणि म्हटलं उड्या मारू नकोस बाबा.

अकरा वाजता निघालो, आरा नदीच्या खोऱ्यात, दगडगोट्यांचे ट्रेल, पाणी केव्हाच निचरलेलं. दुपारी उतरून झुलत्या पुलावरून एकेकाने सायकल ढकलत हानोवासला पोचलो. हे गाव धरणासाठी संपादित झालेलं. वीज कंपनीला घरं रिकामी हवी होती, म्हणून लोक राहत असतानाच आजूबाजूची घरं सुरुंग लावून पाडली. १९६६ मध्ये शाळा भरलेली असताना कंपनीच्या माणसाने दार लाथेने उघडलं आणि बाईंना केसाला धरून बाहेर ओढलं. एक कुटुंब १९८४ पर्यंत हटून बसलं होतं. आणि धरण? झालंच नाही, २००१ ला प्रकल्प नामंजूर झाला. आता वारसांना आपलीच घरं-जमिनी परत घ्यायला पैसे भरावे लागतात, तरी लोक येतात, भिंती उभ्या करतात, शाळेची इमारत परत उभी केली आहे.

गाईडने हे सांगितलं आणि काका एकदम बोलायला लागले, सकाळपासून पहिल्यांदा. ते वेल्समधल्या बाला गावाकडचे. तिकडे १९६५ ला लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कापेल केलिन गाव बुडवलं, शाळा, चर्च, सगळं. मी म्हटलं माझ्या आईचं माहेर उजनीच्या पाण्यात आहे, पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. गाईड म्हणाला आमच्याकडे मेदियानोच्या धरणात चर्चचा मनोरा दिसतो, १९६९ ला बुडालं, उद्या दाखवतो. मग तिघांनी मिळून मोबदल्याचा हिशोब काढला, कोणाला किती मिळाले, किती वर्षांनी मिळाले, आणि काकांनी ज्या शिव्या दिल्या त्यातली एकही इंग्रजी नव्हती. बाकीचे पाच जण सँडविच खाऊन कंटाळून पुलावर जाऊन बसले.

हँगर तिसऱ्या दिवशी कुरिअरने आला. तोवर भाचा त्या एका गिअरवरच फिरला आणि दोन्ही दिवस चढावर सगळ्यांच्या आधी वर पोचला, उभा राहून पेडल मारण्यावाचून इलाज नव्हता ना. काकांनी जाताना विचारलं की माझ्याही सायकलचे गिअर काढून देतोस का, मी म्हटलं आधी सस्पेन्शनमधला चिखल काढू द्या.