भुंग्याचं पान

गुहागरला आमच्या वाडीत माडाच्या शेंड्यात भोक दिसलं आणि त्यातून चोथा बाहेर आलेला असला, की अप्पा तारेचा आकडा देऊन गडी वर चढवायचे. आकड्याला टोचलेला गेंडा भुंगा खाली पडला की कोंबड्या धावत सुटायच्या. त्याच घरातली मी, गेल्या जुलैत तोक्योच्या निशी-कासाईतल्या फ्लॅटमध्ये, रात्री साडेनऊला स्वयंपाकघरातला वजनकाटा मांडीवर घेऊन बसले होते. कशासाठी, तर एका भुंग्याला केळं आवडलं की नाही हे बघायला.

दोष शाळेचा. जपानी शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना 'जियू केंक्यू' करावं लागतं, म्हणजे आपल्या मनाने विषय निवडून केलेला अभ्यास. लेक तिसरीत, विज्ञान हा विषय इथे तिसरीतच सुरू होतो, त्यामुळे उत्साह ओसंडून वाहत होता. त्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा चिबातल्या आपल्या गावाहून काबुतोमुशीची जोडी घेऊन आले. काबुतो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, मुशी म्हणजे किडा. नराला टोकाशी फाटे फुटलेलं लांब शिंग, मादी बिनशिंगाची. इथली मुलं हे भुंगे हौसेने पाळतात. आम्ही नराला बंड्या म्हणालो, मादीला ठकी.

पहिल्या रात्री कलिंगड ठेवलं. चित्रांतसुद्धा काबुतोमुशी कलिंगडावरच बसलेला असतो ना! सकाळी डब्यातला भुसा ओलागच्च आणि घरभर आंबूस वास. आजोबांना सांगितलं तर ते हसले. कलिंगड आणि काकडी म्हणजे नुसतं पाणी. पोट भरतं, अंगी लागत नाही, आणि भुंगा रात्रभर मुतत बसतो. रानात हे भुंगे कुनुगी नावाच्या ओकच्या जातीच्या झाडाचा पाझरलेला रस पितात. तो रस झाडावरच आंबतो आणि त्या वासावर रात्री भुंगे जमतात. तोंडात चावायला दात नाहीत, नारिंगी केसांचा एक कुंचला आहे, त्याने चाटायचं. म्हणून काय ठेवायचं यापेक्षा ते चाटता येईल का, हे आधी बघायला हवं. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला पुढे आठवडा लागला.

लेकीची पद्धत सोपी होती. संध्याकाळी सातला खाणं वजन करून ठेवायचं, सकाळी पुन्हा वजन करायचं, जे जास्त घटलं ते जास्त आवडलं. दोघं एका डब्यात असताना बंड्या शिंगाने ठकीला खाण्यापासून ढकलून द्यायचा, म्हणून रात्रीपुरते वेगळे डबे केले. तिसऱ्या दिवशी वहीत 'कलिंगड पहिलं' असं लिहून झालं. मला शंका आली. तसाच ओला भुसा घालून एक बिनभुंग्याचा डबा केला आणि त्यातही कलिंगडाची तेवढीच फोड ठेवली. बंड्याच्या डब्यातली फोड 5 ग्रॅमने घटली होती, आणि भुंगाच नसलेल्या डब्यातली 4 ग्रॅमने! तीन दिवसांचे आकडे खोडावे लागले. रडारड झाली. पण तिथून पुढे प्रत्येक खाण्याचे दोन तुकडे ठेवायचे, एक भुंग्याला आणि एक कुणालाच नाही, हा नियम झाला. 'कुणालाच नाही' हे नाव लेकीनेच दिलं.

काकडीकडे दोघांनी ढुंकून पाहिलं नाही. सफरचंद बरं चाललं, भुसाही कोरडा राहिला. मधाने मात्र घोटाळा केला: पाणी न घालता दिला, त्यात भुसा चिकटला आणि ठकीच्या पायांना गोळे लागले. तिला ओल्या कापसाने पुसताना मला अप्पांच्या कोंबड्या आठवत होत्या. केळ्यावर दोघंही तुटून पडले, पण त्या वासावर चिलटंही आली, आणि ती भुंग्यांपुरती थांबत नाहीत, वरणात पडतात. डब्याच्या झाकणाखाली वर्तमानपत्र घातल्यावर जरा कमी झाली.

मग मी माझा हट्ट पुरवून घेतला. इथल्या भारतीय दुकानात हापूसच्या रसाचे डबे मिळतात. आंब्याच्या मोसमात घरी जायला न मिळालेल्या बाईने एक डबा फोडला आणि चमचाभर रस बशीत घालून बंड्यापुढे ठेवला. दहा मिनिटांत तो बशीत उतरला. चार पाय रसात, शिंगही रसात, बाकीचे दोन पाय बशीच्या काठावर. रात्री लेक म्हणाली, "आई, हा कोकणातला आहे." सकाळी बघते तर उरलेल्या रसाचं वर साट धरलं होतं आणि बंड्याचा एक पाय त्या साटात अडकला होता. हापूस बाद. वहीत मात्र लेकीने वेगळा रकाना आखला: एक 'आवडतं', एक 'चांगलं'. हापूसला पहिल्यात पैकीच्या पैकी, दुसऱ्यात भोपळा.

दुकानात भुंग्यांसाठी मिळणारी तयार जेली आणायची नाही, असं मी ठरवलं होतं, उगाच. शेवटी आणली. 16 ग्रॅमच्या इवल्या वाट्या, लाकडी ठोकळ्याच्या भोकात बसवायच्या. वाटी खोल आणि बंड्याचं शिंग आड येतं, म्हणून ती उभी कापून दोन अर्ध्या करायच्या, ही युक्ती आजोबांची. पाकिटावर 'कोकुतो' लिहिलेलं. ही उसाचा रस आटवून केलेली काळी साखर, ओकिनावाची प्रसिद्ध. चाखली (साखर, जेली नव्हे) आणि म्हटलं, अरे, हा तर गूळ!

मग काय. 50 ग्रॅम गूळ, पेलाभर पाणी, अर्धं कुस्करलेलं केळं आणि चायना ग्रासची पूड, जिला इथे कानतेन म्हणतात. पहिल्या खेपेला पूड 4 ग्रॅम घातली आणि वडी इतकी घट्ट झाली की आम्हीच खाल्ली. बंड्याने रात्रभर चाटून नुसती चकचकीत केली होती. तेव्हा तो कुंचला आठवला. दुसऱ्यांदा पूड निम्मी घेतली. बोट लावलं की थरथरावी अशी जेली झाली, आणि सकाळपर्यंत 7 ग्रॅम गेली. 'कुणालाच नाही'च्या डब्यात ग्रॅमभरही घट नव्हती. विकतच्या जेलीचाही आकडा तेवढाच आला. आमची तिसऱ्या दिवशी आंबते, विकतची टिकते. म्हणून रोज विकतची आणि शनिवारी गुळाची, असं ठरलं.

बंड्या ऑगस्टच्या अखेरीला गेला. उन्हाळ्यात बाहेर पडलेले हे भुंगे थोडेच महिने जगतात, हे माहीत असूनही दोन दिवस डबा धुवायला हात होईना. ठकी सप्टेंबरात गेली. भुसा वर्तमानपत्रावर ओतला तर आत इंग्रजी सीच्या आकाराच्या पांढऱ्या अळ्या, मोजून 23. मी व्हिडिओ कॉल लावला. अप्पा चष्मा पुसून बघत राहिले. "अगो, ही तर हुमणी! शेणखताच्या खड्ड्यात असते तसली. पोसत्येस की काय?"

पोसतेय. त्यांना गूळबीळ नको, कुजलेल्या लाकडाचा भुसाच त्या खातात, आणि खातात म्हणजे किती! महिनाभरात डब्यात भुसा कमी आणि त्यांच्या लेंड्या जास्त. त्या चाळून मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालते.

फोन ठेवताना अप्पांनी विचारलं, "त्यात नर किती?" म्हटलं, अळी मोठी झाल्याशिवाय कळत नाही, मग नराच्या पोटावर बारीक व्ही दिसतो. तेव्हापासून दर रविवारी फोन आला की माझी चौकशी नंतर, आधी लेकीला बोलावणं. "काय गो, व्ही दिसला काय?"